कडक सिगार आणि आजोबांची चंची

हल्ली लातूर-नांदेडकडे लग्नाआधीच्या फोटोंत नवरदेवाच्या हातात सिगार दिसू लागला आहे. अशाच एका नवरदेवाला मी हटकलं, तर म्हणाला, "काका, याचा धूर गिळायचा नसतो. तोंडात नुसती चव घ्यायची. अपाय काहीच नाही." चवीचं त्याचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. अपायाबद्दलचं उत्तर मात्र त्याच्या आजोबांच्या चंचीत होतं.

आधी चव. जाणकार मंडळी भारदस्त, म्हणजे 'फुल बॉडी' सिगारची परीक्षा करतात तेव्हा कॉफी, कोको, चामडं, काळी मिरी अशी यादी सांगतात. चांगल्या सिगारमध्ये तंबाखूच्या पानांखेरीज यातलं काही घातलेलं नसतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी चव) एवढंच कळतं. बाकी सगळं काम नाकाचं. म्हणून परीक्षक धूर छातीत न घेता तोंडातला थोडासा धूर टाळूच्या मागून नाकावाटे सोडतात. पान आंबताना आणि जळताना साखर व अमिनो आम्लांपासून पायराझिन नावाची संयुगं तयार होतात. येसर भाजताना घरभर सुटणाऱ्या वासात, भाजल्या शेंगदाण्यात आणि कॉफीत हीच मंडळी असतात. तेव्हा कॉफीचा वास येतो म्हणणारा थापा मारत नसतो. मिरीचा झणका मात्र धड चवही नाही आणि वासही नाही. तो ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या मज्जातंतूला बसलेला चटका आहे. मोहरीचा ठसका ज्या ग्राहीमुळे, म्हणजे मज्जातंतूवरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूमुळे, जाणवतो, त्याच ग्राहीला निकोटिनही डिवचतं.

राखेवरून सिगार ओळखणारेही भेटतात. पांढरी राख म्हणजे अस्सल माल, असं ते छातीठोकपणे सांगतात. राखेचा रंग मुख्यतः पानातल्या मॅग्नेशियमसारख्या क्षारांवर, म्हणजे पर्यायाने जमिनीवर ठरतो. चवीची हमी त्यातून मिळत नाही. जळण्याचं मात्र पाहावं. मचूळ पाण्यावर वाढलेल्या तंबाखूच्या पानात क्लोराइड जास्त उतरतं आणि असं पान सारखं विझत राहतं.

आता कडकपणा. भारदस्त चव आणि कडकपणा या दोन गोष्टींची बोलताना हमखास गल्लत होते. कडकपणा म्हणजे निकोटिनचा जोर. निकोटिन तयार होतं मुळांत आणि तिथून ते पानांत चढतं. फुलोरा येताच शेंडा खुडला की झाडाला ती इजा वाटते आणि मुळं जास्त निकोटिन करू लागतात. किडीला मारायचं हे झाडाचं विष. शेंड्याकडची जाड, भरपूर ऊन खाल्लेली पानं सर्वांत कडक. क्यूबाकडे त्यांना लिखेरो म्हणतात. सिगारच्या भरणात लिखेरो जास्त, तितका तो कडक.

पण पानात निकोटिन किती आहे एवढ्यावर भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे हे खरं महत्त्वाचं, आणि या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

निकोटिन हा आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, पदार्थ आहे. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन असतात. त्यातला पाच अणूंच्या कड्यातला नायट्रोजन प्रोटॉन पकडायला टपलेला असतो. पानातलं मॅलिक आणि सायट्रिक आम्ल त्याला तो प्रोटॉन देतं. मग रेणूवर धन प्रभार येतो, आणि प्रभारित रेणूला गालाच्या आतल्या पेशींचं स्निग्ध पटल सहजी ओलांडता येत नाही. प्रोटॉन काढून घेतला की तोच रेणू मोकळा होतो आणि पटलातून झिरपत थेट रक्तात जातो. हे पीएचवर ठरतं. पीएच म्हणजे आम्लपणा मोजायची पट्टी: 7 च्या खाली आम्ल, वर आम्लारी. पीएच 8 च्या आसपास निम्मं निकोटिन मोकळं असतं. पीएच 7 ला जेमतेम 9 टक्के, तर 9 ला 91 टक्के. पीएच एकाने वाढला की मोकळ्या आणि बद्ध (प्रोटॉन धरलेल्या) निकोटिनचं गुणोत्तर दहापट होतं.

तळहातावर तंबाखू घेऊन, बोटभर चुना लावून अंगठ्याने मळणारे आजोबा नेमकं हेच करत असतात. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त निवळीचा पीएच 12 च्या वर जातो. तो प्रोटॉन हिसकावून घेतो, आणि बार दाढेखाली गेला की निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं.

सिगारला चुना लागत नाही. त्याचं पान सावलीत टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात. तोडलेलं पान लगेच मरत नाही, श्वसन करत राहतं आणि त्यात स्वतःची बहुतेक साखर संपवतं. नंतर पानांचे ढीग रचून ती आंबवतात. ढीग आतून चांगलेच तापतात, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, आणि मग ते मोडून पुन्हा रचावे लागतात. साखर गेल्यामुळे जळताना आम्लं कमी होतात, नायट्रोजनयुक्त संयुगांपासून अमोनिया मिळत राहतो, आणि धूर आम्लारीकडे झुकतो. सिगारेटचं उलट आहे. आंध्रातलं व्हर्जिनिया पान भट्टीच्या उष्णतेवर आठवडाभरात वाळतं, साखर पानातच अडकते, धूर आम्लधर्मी राहतो. तो तोंडात फारसा शोषला जात नाही, म्हणून छातीत ओढावा लागतो.

सिगार जळत जातो तसा त्याच्या धुराचा पीएचही चढतो. सुरुवातीला साडेसहाच्या आसपास, शेवटी 8 पर्यंत. मोकळं निकोटिन 3 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर. परीक्षक सिगारचे तीन भाग पाडून गुण देतात आणि शेवटचा भाग अंगावर येतो म्हणतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

तेव्हा धूर न गिळल्याने निकोटिन टळत नाही. सिगारेटमध्ये साधारण 8 मिलिग्रॅम निकोटिन असतं, मोठ्या सिगारमध्ये 100 ते 200. शिवाय पान आंबवताना नायट्रोसामाइन ही कर्कजनक द्रव्यं वाढतात. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग धूर छातीत न घेणाऱ्यांनाही होतो. 'मिसरीने दात घट्ट होतात' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाई आणि 'सिगार ही अभिरुची आहे' म्हणणारे कोटवाले, दोघांच्याही हिरड्यांना हा फरक कळत नाही.

उपाशीपोटी ओढू नये, मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, जवळ साखर ठेवावी, असे सिगारच्या परीक्षेचे नियम सांगतात. पहिले दोन अनुभवाचे आहेत, कारण घाई केली की घाम फुटतो, उचकी लागते, मळमळतं. ही निकोटिनच्या विषबाधेची सुरुवात. साखरेने ते उतरत नाही. रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला सुमारे 2 तास लागतात, आणि तेवढा वेळ बसून काढावा लागतो.