लिंबू उडते, लवंग उरते

संत्र्या-लिंबाचे परफ्यूम विकत घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: “वास सुरेख आहे हो, पण टिकत नाही.” मला ही तक्रार अन्यायाची वाटते. ज्या गुणामुळे संत्र्याचा वास क्षणात नाकापर्यंत पोचतो, त्याच गुणामुळे तो लवकर संपतो.

संत्र्याच्या सालीतल्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. नुसत्या कार्बन-हायड्रोजनचा हा रेणू शेजारच्या रेणूला फारसा धरून राहत नाही. तो १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. लवंगेतले युजेनॉल (दात दुखला की लवंगतेलाचा जो वास येतो, तो याचाच) उकळायला सुमारे २५४ अंश लागतात, कारण त्यातल्या ऑक्सिजनमुळे रेणू एकमेकांना घट्ट बांधले जातात. अंगावर अर्थातच काही उकळत नाही. पण साध्या खोलीतही लिमोनीनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याची ओढ, युजेनॉलच्या ५० पटींहून जास्त असतो. म्हणून एकाच फवाऱ्यातले लिंबू पहिल्या अर्ध्या तासात बरेचसे उडून जाते आणि लवंग पुढे कित्येक तास रेंगाळते.

अनेक मराठी घरांत वडिलांच्या दाढीच्या सामानात असलेले ओल्ड स्पाइस याच लिंबू-मसाला जातीचे. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने १९३८ साली ते पुरुषांसाठी बाजारात आणले. आधी संत्रे-लिंबू, मग लवंग, दालचिनी, जायफळ असा त्याचा प्रवास. आपल्याला त्यातला मसालाच आठवतो, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. लिंबू तर दाढीचे सामान आवरेपर्यंतच विरलेले असते.

माझ्या मते अशा सुगंधाची खरी परीक्षा या दोन टोकांच्या मधल्या सांध्यात आहे. लिंबू गेले, मसाला आला, पण मध्ये खड्डा पडला, तर रचना कच्ची. हा सांधा जुळवणारा एक रेणू म्हणजे लिनालूल. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९८ अंश, म्हणजे लिमोनीन आणि युजेनॉल यांच्या मधला. इटलीच्या कालाब्रिया भागात पिकणाऱ्या बर्गमॉट या आंबट फळाच्या सालीत तो असतो, आणि आपल्या धण्यांच्या तेलात तर निम्म्याहून अधिक तोच असतो. धणे चुरडून हुंगले की लिंबाची आठवण का होते, याचे उत्तर इथे आहे. आल्यातही लिंबाच्या वासाचा सिट्राल हा रेणू असतो. आणि कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लिंबाच्याच कुळातले. निसर्गाने लिंबू आणि मसाला यांच्यामध्ये भिंत घातलेलीच नाही. चांगला सुगंधकार याच नात्यांचा उपयोग करतो.

त्यामुळे दुकानात कागदी पट्टी हुंगून निकाल देऊ नये. पहिला मिनिटभर तर नाकात मद्यार्कच भरतो. पट्टीवर आवडले तर मनगटावर एक फवारा मारावा, दुकानातून बाहेर पडावे आणि वीस मिनिटांनी, दोन तासांनी, संध्याकाळी असे पुन्हा हुंगावे. त्वचा कागदापेक्षा गरम आणि किंचित तेलकट असल्याने तिथे वास वेगळा उलगडतो. मनगटावर मनगट घासल्याने रेणू “मोडतात” हे खरे नाही. मात्र घासण्याने ऊब वाढते, थर पातळ होतो आणि बिचारे लिंबू आणखी लवकर पळते.

“वास गेला” असे वाटते तेव्हा बऱ्याचदा नाकच थकलेले असते. आपल्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या ग्राहींच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये मांडला आणि २००४ चे नोबेल मिळवले. तोच गंध सतत येत राहिला की ग्राही आणि मेंदू दोघेही त्याची दखल घेणे कमी करतात. म्हणून परफ्यूम टिकला की नाही, हे बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे. दुकानात दोन वासांच्या मध्ये हुंगायला ठेवलेल्या कॉफीच्या बियांवर मात्र विसंबू नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्वतःच्या कोपराची बिनवासाची त्वचा हुंगली तरी पुरते.

लावताना मसाल्याचा हात आखडता ठेवावा. दालचिनी-लवंगेचे रेणू गंधाबरोबरच चेहऱ्याची उष्णता आणि झोंबणे जाणणाऱ्या मज्जातंतूलाही चेतवतात. मुंबईच्या मे महिन्यातल्या लोकल डब्यात ते शेजाऱ्याला सहन होत नाही. लिंबाची सर परत हवी असेल, तर सकाळी चार फवारे मारण्यापेक्षा एक सकाळी आणि एक दुपारी मारणे शहाणपणाचे.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. बर्गमॉटच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन नावाचे संयुग असते. ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले, तर भाजल्यासारखे होऊन काळे डाग पडू शकतात. परफ्यूममध्ये आता त्याचे प्रमाण मर्यादित ठेवतात, पण घरी तेले मिसळणाऱ्यांनी हे विसरू नये. लिमोनीनही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून अ‍ॅलर्जी करणारी संयुगे बनवते. म्हणून बाटली खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नये, कपाटाच्या अंधारात ठेवावी. अर्धी रिकामी बाटली वर्षानुवर्षे जपण्यापेक्षा वापरून संपवावी, आणि संत्र्याऐवजी रंगात मिसळायच्या टर्पेंटाइनचा वास येऊ लागला, तर ती अंगाला लावू नये.