जुना संगणक फॉरमॅट केल्यानंतर सॉफ्टवेअरचे परवाने परत मिळवणे : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

दुसऱ्याने वापरलेला संगणक विकत घेतल्यावर तो फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणे योग्यच आहे, कारण आधीच्या मालकाच्या फायली, पासवर्ड आणि नकळत शिरलेले व्हायरस त्यामुळे निघून जातात. अडचण त्यानंतर सुरू होते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’, म्हणजे परवाना पडताळून चालू करा, अशी ओळ दिसू लागते, ऑफिस ‘की’ म्हणजे परवान्याची सांकेतिक अक्षरे मागते, आणि संगणकासोबत मिळेल असे विक्रेत्याने सांगितलेले एखादे महागडे सॉफ्टवेअर उघडतच नाही. अशा वेळी बहुतेकजण हरवलेली की शोधण्याच्या मागे लागतात. माझ्या मते शोध परवान्याच्या मालकापासून सुरू व्हायला हवा. परवाना यंत्राचा असतो, व्यक्तीचा असतो किंवा संस्थेचा असतो, आणि तो तुमच्याकडे येऊ शकतो की नाही हे त्यावरच ठरते.

पात्रता

संगणक बनवणाऱ्या कंपनीने कारखान्यातच घातलेले विंडोज, म्हणजे ओईएम परवाना, हा यंत्राचा परवाना असतो. यंत्र विकले की तोही यंत्राबरोबर नव्या मालकाकडे जातो. यंत्राला कीचे अस्सल स्टिकर लावलेले असेल तर तेही सोबत यावे लागते. मात्र तो काढून दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही, आणि मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, बदललेला असेल तर ॲक्टिव्हेशन यंत्रणा तो संगणक नवा समजते. म्हणून जुना संगणक घेताना मदरबोर्ड मूळचा आहे का, हे विचारायला संकोचू नये.

दुकानातून किंवा ऑनलाइन सुट्टा घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या व्यक्तीला देता येतो, पण विंडोजच्या करारानुसार तो फक्त पहिला परवानाधारकच देऊ शकतो आणि घेणाऱ्याला त्याच अटी मान्य कराव्या लागतात. दरमहा किंवा वार्षिक वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट ३६५, ही खातेदाराची असतात. विक्रेत्याने संगणकावर ती चालू करून दाखवली असली तरी त्यांवर तुमचा हक्क उत्पन्न होत नाही.

कार्यालयातून निवृत्त झालेल्या संगणकांवर अनेकदा व्हॉल्यूम परवाना, म्हणजे संस्थेने अनेक संगणकांसाठी एकत्र घेतलेला परवाना, असतो. तो संस्थेकडेच राहतो. केएमएस पद्धतीचे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत होणारे, असे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क झाला तरच त्याची मुदत वाढते. त्यामुळे खरेदीच्या दिवशी सगळे सुरळीत दिसते आणि काही महिन्यांनी अचानक बंद पडते. यात दिलासा एवढाच की अशा यंत्राला बहुधा कारखान्यातून आलेला स्वतःचा मूळ ओईएम परवानाही असतो. विंडोजची मोठ्या संस्थांसाठीची एंटरप्राइझ आवृत्ती पुन्हा टाकण्याचा हट्ट सोडून मूळची प्रो आवृत्ती टाकली, तर प्रश्न तेथेच सुटू शकतो.

परवान्याचा प्रकार ओळखण्यासाठी, शक्य असेल तर फॉरमॅट करण्यापूर्वीच, कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची विंडोजमधील खिडकी, उघडून एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरे, त्यापुढे मोकळी जागा, तिरपी रेघ आणि डी-एल-व्ही अशी आज्ञा द्यावी. थोड्या वेळाने एक लहान चौकट उघडते. तिच्यातील वर्णनाच्या ओळीच्या शेवटी ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द असतो, आणि खाली कीची शेवटची ५ अक्षरे दिसतात. या चौकटीचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात इतके उपयोगी पडणारे दुसरे काही नाही.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे खरेदीची पावती, आणि तिच्यावर संगणकाचा अनुक्रमांक लिहिलेला असला पाहिजे. नुसते ‘एक लॅपटॉप’ असे लिहिलेली पावती परवान्याच्या कामाला उपयोगी पडत नाही. त्याबरोबर मूळ खरेदीच्या बिलाची प्रत, रिटेल परवाना असल्यास की ज्या ईमेलने आली तो ईमेल किंवा खोक्यातील कार्ड, आणि यंत्रावरील स्टिकरचे स्पष्ट छायाचित्र जमवावे. विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपवर हे स्टिकर तळाशी किंवा बॅटरीच्या खाचेत असते. त्यावर ५ अक्षरांचे ५ गट, म्हणजे २५ अक्षरांची की छापलेली असते. मांडीवरच्या घासण्याने बी आणि ८, जी आणि ६ यांतला फरक पुसला जातो, म्हणून तिरपा प्रकाश पाडून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. दुरुस्ती करून संगणक विकणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून यंत्र घेतले असेल तर त्याने लावलेले वेगळे स्टिकर असते, आणि त्या वेळी जुन्या स्टिकरऐवजी नव्यावरील की चालते.

आधीच्या मालकाचे लेखी हस्तांतरणपत्र हा सर्वांत दुर्लक्षित कागद. त्याला चार ओळी पुरतात: ‘या अनुक्रमांकाच्या सॉफ्टवेअरचा मी परवानाधारक होतो. हा परवाना मी अमुक तारखेला पुढील व्यक्तीस हस्तांतरित केला आहे. माझ्या सर्व संगणकांवरील त्याची प्रत मी काढून टाकली आहे.’ यातील तिसरे वाक्य वगळू नये. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी युजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात कायमस्वरूपी परवान्याची पुनर्विक्री मान्य केली, तीसुद्धा विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी करावी या अटीवर. उलट अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या प्रकरणात, करारात निर्बंध असल्यास ग्राहक हा प्रतीचा मालक नसून केवळ परवानाधारक असतो, असे ठरवले. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरच्या करारातील हस्तांतरणाचे कलम अर्ज करण्यापूर्वी वाचणे भाग आहे.

अर्जाची पद्धत

विंडोजसाठी बहुतेक वेळा अर्जच करावा लागत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक कंपन्या की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डातच कायम साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतात आणि विंडोज टाकताना ती आपोआप वाचली जाते. विंडोज १० पासून डिजिटल परवाना आला. त्यात यंत्राच्या सुट्या भागांची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. म्हणून की विचारणाऱ्या पानावर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडावा, पूर्वी होती तीच आवृत्ती टाकावी आणि संगणक इंटरनेटला जोडावा. आवृत्तीची चूक फार वेळा होते: फर्मवेअरमध्ये होम या घरगुती आवृत्तीची की असते, आधीच्या मालकाने नंतर प्रो घेतलेले असते, आणि फॉरमॅटनंतर संगणक मुकाट्याने होम टाकून मोकळा होतो. परवाना हरवलेला नसतो. आवृत्ती बदलून प्रो केली की तो पुन्हा लागू होतो.

एवढ्याने काम झाले नाही, तर सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट हा पर्याय आहे. मात्र ‘नुकतेच हार्डवेअर बदलले’ ही वाट, परवाना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला होता त्याच खात्याने उघडते, आणि ते खाते आधीच्या मालकाचे असते. त्यांचा पासवर्ड मागू नये. त्यांनी स्वतः येऊन ते करून देणे किंवा खरेदीपूर्वीच ते करून घेणे, हाच सभ्य मार्ग. शेवटचा उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ग्राहक साहाय्याकडे अर्ज. त्यात संगणकाचा अनुक्रमांक, त्रुटी क्रमांक, स्टिकरचे छायाचित्र आणि पावती जोडावी, आणि काय झाले ते तारखेनुसार लिहावे. साहाय्यकाने इन्स्टॉलेशन आयडी, म्हणजे ॲक्टिव्हेशनसाठी तुमच्या संगणकावर दिसणारा लांबलचक क्रमांक, मागितल्यास आकडे गटागटाने सांगावेत. उत्तरादाखल येणारा कन्फर्मेशन आयडी ४८ अंकी असून ए ते एच अशा ८ चौकटींत भरायचा असतो. तो ऐकता ऐकता थेट भरण्यापेक्षा आधी कागदावर उतरवून परत वाचून दाखवावा, कारण एक आकडा चुकला तरी तो नाकारला जातो.

ऑफिसच्या बाबतीत अपेक्षा आवरून ठेवाव्यात. ऑफिस २०१३ पासून संगणकावर कीची फक्त शेवटची ५ अक्षरे राहतात, त्यामुळे जुन्या डिस्कवरून पूर्ण की काढून देण्याचा दावा करणारी साधने तेथे निरुपयोगी ठरतात. शिवाय एकदा एखाद्या खात्यात भरलेली की दुसऱ्या खात्यात पुन्हा भरता येत नाही. ऑफिस २०१० किंवा त्याआधीचे असेल आणि जुनी डिस्क अजून पुसलेली नसेल, तर मात्र की परत मिळण्याची बरीच आशा असते.

इतर सशुल्क सॉफ्टवेअरसाठी त्या-त्या कंपनीच्या साहाय्य विभागाकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. तेथे आडकाठी येते ती बहुधा ॲक्टिव्हेशनच्या संख्येची: आधीच्या मालकाने फॉरमॅटपूर्वी डीॲक्टिव्हेट केले नाही, म्हणजे त्या संगणकावरील ॲक्टिव्हेशन रद्द केले नाही, म्हणून कंपनीच्या नोंदीत ती जागा भरलेलीच राहते. हस्तांतरणपत्र जोडून ही जागा मोकळी करण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. फार जुन्या आवृत्तीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच बंद झालेला असू शकतो. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चा सर्व्हर बंद केला, तेव्हा २०१३ मध्ये खऱ्या परवानाधारकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली होती. अशी सोय आहे का, हे अर्जातच विचारावे.

अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. ‘की अवरोधित आहे’ असे उत्तर आले, तर ती की बहुधा गैरमार्गाने विकलेली असते. तेथे कंपनीशी वाद घालण्याऐवजी ते उत्तर जोडून विक्रेत्याकडे परताव्याची मागणी करावी. नव्याने विंडोज टाकल्यावर पहिल्याच पानावर एखाद्या संस्थेचे नाव आणि तिच्या खात्याची मागणी दिसली, तर तो परवान्याचा प्रश्नच नाही. यंत्र त्या संस्थेच्या नोंदीत अजून आहे, आणि नोंद फक्त ती संस्थाच काढू शकते. असे यंत्र पावतीसह विक्रेत्याकडे परत न्यावे आणि नोंद काढल्याचे पत्र मिळेपर्यंत ताब्यात घेऊ नये.