एका वर्गात बसणं वेगळं, एका डब्यात जेवणं वेगळं

महागड्या शाळेत गरीब घरातल्या मुलाला प्रवेश मिळाला, की त्याच्या ओळखीपाळखीही वाढतील असं आपण धरून चालतो. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक सहवास: वर्गात, इमारतीत, मंडळात आपल्याहून सधन माणसं आहेत का? दुसरा दुजाभाव: आहेत, पण दोस्ती होते का?

ही फोड अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आकड्यांत मांडली. अमेरिकेतल्या फेसबुकवरच्या सात कोटींहून जास्त लोकांच्या मैत्र्या त्यांनी तपासल्या. उत्पन्नाच्या शिडीवर खालच्या अर्ध्यात असलेल्यांच्या मित्रांपैकी ३८.८ टक्के वरच्या अर्ध्यातले निघाले, तर वरच्यांच्या मित्रांपैकी ७०.६ टक्के वरचेच. या दरीचा साधारण निम्मा भाग सहवास नसल्यामुळे होता आणि निम्मा दुजाभावामुळे. आणि हे नुसतं कोण कोणासोबत फिरतं एवढ्यापुरतं नाही. गरीब-सधन अशी मैत्री जिथे जास्त, तिथली गरीब घरातली मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असा ठळक संबंध त्यांना दिसला.

हिशेब आपल्या वर्गावर करून बघू. ४० मुलं, त्यातली आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवरची १०. प्रत्येकाला आठ मित्र आहेत असं समजा. घरची परिस्थिती न बघता मैत्री झाली, तर आरटीईतल्या मुलाचे आठपैकी सहा मित्र सधन असायला हवेत, कारण उरलेल्या ३९ पैकी ३० मुलं तशी आहेत. प्रत्यक्षात तीनच निघाले, तर अपेक्षेहून निम्मे कमी, म्हणजे दुजाभाव ५० टक्के. पटावर सहवास भरपूर, हातात निम्माच. गंमत म्हणजे सधन मुलाच्या बाजूने हेच चित्र अगदी सौम्य दिसतं: दोन गरीब मित्र असायला हवे होते, एक आहे. त्याच्या आईबाबांना काही बिघडलंय असं वाटतच नाही.

सहवास वाढतो तो प्रवेशाच्या नियमांनी. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या जागांतून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हे सगळं भांडण सहवासाचं. दुजाभावाला त्याने हातही लागत नाही.

दुजाभाव वाढतो तो शाळेच्या आतल्या रचनेतून. गुणांवरून पाडलेली 'अ' तुकडी हे त्यातलं एक कारण. शिकवणीचा खर्च झेपणारी मुलं तिथे गोळा होतात आणि गुणांच्या नावाखाली पैशाची चाळणी लागते. मोठ्या शाळांत दुजाभाव जास्त आढळतो, कारण हजार मुलांत आपल्यासारखी दहा शोधणं सोपं. तीस जणांत जे आहेत त्यांच्याशीच खेळावं लागतं. जादा पैसे भरून जायची सहल, भाड्याचे पोशाख लागणारं स्नेहसंमेलन यांचाही हातभार असतोच.

उलट काय चालतं, याचा चांगला पुरावा दिल्लीतला आहे. तिथल्या खासगी शाळांत २००७ पासून गरीब मुलांना जागा राखून ठेवल्या गेल्या. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने पडत, म्हणजे कोण कोणाशेजारी बसणार हे पैशावर ठरत नव्हतं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांच्या अभ्यासात दिसलं, की गरीब वर्गमित्रांसोबत शिकलेली सधन मुलं गरीब मुलांना कमी टाळतात, आणि यात एका गटात बसून झालेल्या प्रत्यक्ष संबंधांचा मोठा वाटा आहे.

शाळेला स्वतःचं मोजमाप करायचं असेल तर प्रत्येक मुलाकडून 'डबा कोणासोबत खातोस?' याची पाच नावं चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. कोण आवडत नाही हे विचारू नये आणि आरटीईची यादी वर्गात वाचू नये. नावांची मोजणी शिक्षकांनी नंतर बाजूला बसून करावी. दुजाभाव मोठा निघाला तर तुकड्या मिसळाव्यात, गट हजेरी क्रमांकाने पाडावेत आणि दर सहामाहीला बदलावेत.

हा उपाय गावातल्या अशा शाळेत मात्र चालणार नाही, जिथली सधन घरं मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. चाळीसच्या वर्गात दोनच सधन मुलं उरली, तर दुजाभाव शून्यावर आणूनही गरीब मुलाच्या आठ मित्रांत सरासरी अर्धा सधन मित्रसुद्धा येत नाही. तिथे आधी पट बदलावा लागतो.