हिराकस, पेरॉक्साइड आणि रंगाचं पाणी

विट्याच्या यंत्रमागांमुळे सांगलीकडच्या लोकांना सूत-कापड काही नवीन नाही, पण कापड रंगवल्यावर उरलेल्या पाण्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सुती कापडाला लागणारे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याला पूर्ण धरत नाहीत, 10 ते 50 टक्क्यांपर्यंत रंग पाण्यातच राहतो. आणि हे रंग बनवलेलेच असतात ऊन, साबण, घाम सगळ्याला पुरून उरण्यासाठी, मग एसटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले, जिवाणू तरी त्यांना काय करणार?

इथं फेंटनची रीत कामाला येते. 1894 साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र वापरून टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडेशन करून दाखवलं होतं, रंगाच्या पाण्याशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. पाण्यात हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि पेरॉक्साइड टाकलं की लोह पेरॉक्साइडला फोडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. हा सेकंदाचा लाखावा भागसुद्धा टिकत नाही पण तेवढ्यात समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो, क्लोरीन आणि ओझोनपेक्षाही जबर. अॅझो रंगात दोन नायट्रोजनचा जोड असतो, रंग दिसतो तो मुख्यतः त्याच्यामुळे, तो तुटला की लालभडक पाणी बघता बघता फिकं पडतं.

पीएच मात्र 3 च्या आसपास लागतो आणि डाईंगचं पाणी असतं अल्कलीवालं, म्हणजे आधी आम्ल घाला, नंतर चुना घालून परत उदासीन करा, आणि तेव्हा खाली बसतो तो तपकिरी लोहाचा गाळ. त्याची विल्हेवाट हा वेगळा खर्च.

मला सगळ्यात काळजी वाटते ती पाणी पांढरं दिसलं की काम झालं असं समजण्याची. जोड तुटला तरी रेणूचे तुकडे पाण्यातच असतात, त्यात बेंझिनची कडी असलेलेही असू शकतात, म्हणून रंगाबरोबर सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, किती उतरला ते बघायलाच पाहिजे, कारण रंग लवकर जातो आणि सीओडी हळू. पेरॉक्साइड वाचवायला डोस कमी केला तर नेमकं हेच अर्धवट राहतं. कृष्णेचं पाणी आपण पितो, त्यामुळे हा आकडा लोकांनी मागितलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि रंग चढवायला घातलेलं ढीगभर मीठ? ते ऑक्सिडेशननं जात नाही, उलट त्यातलं क्लोराइड रॅडिकल खाऊन टाकतं. त्याला आरओ नाहीतर बाष्पीभवनच लागतं, आणि विजेचं बिल वाढतं ते तिथं.