पोटभाडे आणि अल्पमुदतीचे भाडे : नागपुरातील भाडेकरूंची कागदपत्रे नेमकी कुठे अडतात

हिवाळी अधिवेशन जवळ आले की सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ या भागांत पंधरा-वीस दिवसांसाठी खोली शोधणाऱ्यांची वर्दळ वाढते. मेडिकल चौकात आणि मिहानमधील एम्सच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांची हीच गरज बारमाही असते. अशा वेळी स्वतः किरायाने राहणाऱ्याला आपल्याकडची रिकामी खोली कोणाला तरी द्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. मात्र महाराष्ट्रात हा हक्क भाडेकरूला आपोआप मिळत नाही. तो घरमालकाशी झालेल्या करारातूनच यावा लागतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यापूर्वी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालत असे आणि जुन्या वस्त्यांतील काही मंडळी अजूनही त्याच्याच आठवणीवर बोलतात. आजच्या कायद्याच्या कलम २६ नुसार, करारात वेगळी तरतूद नसल्यास, भाडेकरूला जागेचा कोणताही भाग पोटभाड्याने किंवा परवान्याने (म्हणजे भाडेहक्क न देता केवळ वापरायला) देता येत नाही. तरीही दिला, तर कलम १६ खाली घरमालकाला ताबा मागण्याचे कारण मिळते आणि दावा लघुवाद न्यायालयात जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये पोटपट्ट्याची मुभा आहे, हे मोबाइलवर वाचून येणारे अनेक जण भेटतात. परंतु राज्याच्या भाडे कायद्यापुढे ती मुभा टिकत नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हाही केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

त्यातही आजचे बहुतेक ‘भाडेकरू’ कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतातच. लिव्ह अँड लायसन्सचा करार करून राहणारा माणूस परवानाधारक असतो आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ नुसार असा परवाना, वेगळा हेतू स्पष्ट नसल्यास, दुसऱ्याला हस्तांतरित होत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची वेळ येऊ शकते. आपण ठेवलेला माणूस वेळेवर निघाला नाही, तरी हा भुर्दंड आपल्यावरच पडतो, याचा विचार फार थोडे जण आधी करतात.

आता संमतीपत्राकडे वळू. बहुतेकांजवळ ते नसते, आणि ज्यांच्याजवळ असते त्यांचे बहुधा वहीच्या पानावर, ‘माझी काही हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे असते. मूळ करारातील कलम मात्र ‘परवानाधारक सदर जागा अन्य कोणासही पोटभाड्याने अथवा वापरास देणार नाही’ असे स्पष्ट सांगत असते, कारण छापील मसुद्यांत हे वाक्य ठरलेलेच असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. नोंदणीकृत करारातील असे कलम साध्या चिठ्ठीने बदलले, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्यासाठी पुरवणी करार करून त्याचीही नोंदणी करावी. त्यात जागेचा कोणता भाग, कोणाला, किती मुदतीसाठी देता येईल, आणि काही दिवसांच्या पाहुण्यांना मुभा आहे की नाही, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. मोघम संमती वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण अशी की, संमती देणारा माणूस खरोखरच मालक आहे का, हे कागदावर दिसत नाही. महाल, इतवारीतील कितीतरी घरांची आखीव पत्रिका (मालकाच्या नावाची नोंद असलेले मालमत्ता पत्रक) अजून आजोबांच्या नावावर आहे, महापालिकेच्या कराची पावती वडिलांच्या नावाने येते आणि किराया मात्र धाकटा भाऊ घेतो. त्याने दिलेल्या संमतीवर थोरल्याने हरकत घेतली की सगळे अडते. म्हणून नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची ताजी नक्कल आधीच काढून घ्यावी आणि तिच्यावर एकापेक्षा अधिक नावे असतील, तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मालक पुण्यात किंवा परदेशात असल्यास त्याच्या कुलमुखत्यारपत्रात भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का, ते वाचून पाहावे. नागपूर सुधार प्रन्यासच्या किंवा नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्याची जागा असेल, तर पट्ट्यातील वापराच्या अटीही तपासाव्या लागतात.

घरमालक नकार देतो तेव्हा तो आडमुठेपणाच असतो असे नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २५ नुसार करारानेच मान्य केलेला पोटभाडेकरू, मूळ भाडेकरूचा हक्क संपल्यावर, थेट घरमालकाचा भाडेकरू ठरू शकतो. ही भीती खरी आहे. ती ओळखून, जागा पोटभाड्याने न देता ठरावीक मुदतीच्या परवान्यानेच देऊ असा प्रस्ताव मांडला, तर बोलणी पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज या शहरात इतका मुरलेला आहे की नोटरीकडचा किरायानामा हाच अंतिम कागद मानला जातो. एका वर्षापर्यंतच्या पट्ट्याला नोंदणी अधिनियमात मिळणारी सूट राज्याच्या भाडे कायद्यातील कलम ५५ पुढे चालत नाही. येथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असून कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. महिना १५,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास येते आणि शहरी भागातील नोंदणी फी १,००० रुपये असते.

मुदतीबाबतही सतत गफलत होते. नोंदणीसाठी मिळणारे चार महिने सही केल्याच्या तारखेपासून मोजतात, राहायला आल्याच्या तारखेपासून नव्हे. मुद्रांक शुल्काला तर तेवढीही सवड नाही. ते सहीपूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागते. ऑनलाइन नोंदणीत वृद्ध घरमालकाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, किंवा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना निघतो, आणि समोरचा कर्मचारी ‘दुरुस्त करून या’ एवढेच सांगून मोकळा होतो. त्यामुळे तारीख घेण्याआधीच आधार तपासून घेतलेले बरे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका असल्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, असे सचिव ठामपणे सांगतात. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यापूर्वी आठ दिवस आधी लेखी सूचना देणे अपेक्षित आहे, परवानगी मागणे नव्हे. ही सूचना सभासदाने, म्हणजे घरमालकाने, द्यायची असते; भाडेकरूच्या सहीचा अर्ज संस्थेने परत केला, तर तेथे संस्थेची चूक नाही. बिगरभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. नागपुरातील पुष्कळ इमारती मात्र १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. तेथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी पाहावे लागतात.

राहणाऱ्याची माहिती, छायाचित्र आणि ओळखपत्र पोलिसांना कळवावे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर तशी सोय आहे. पाहुणा परदेशी असल्यास चोवीस तासांच्या आत ऑनलाइन माहिती देणे बंधनकारक असते.

एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावर खोली नोंदवता आली म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. पर्यटन खात्याच्या मान्यतेचा मार्ग भाडेकरूसाठी जवळपास बंदच आहे, कारण केंद्राच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा असून मालकाने त्याच घरात राहणे आवश्यक आहे. स्वतः दुसरीकडे राहून किरायाचा फ्लॅट पर्यटकांना देणाऱ्याने तेथे अर्ज करून वेळ घालवू नये. मिळालेले उत्पन्न प्राप्तिकर विवरणात दाखवताना ते ‘घरापासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली टाकू नये, कारण ते शीर्ष मालकासाठी आहे. भाडेकरूचे असे उत्पन्न साधारणतः ‘इतर स्रोत’ किंवा व्यवसाय या शीर्षाखाली जाते, आणि तीस टक्क्यांची प्रमाणित वजावट त्याला मिळत नाही.

घरमालकाची पोटभाड्याला तयारी नसेल, पण दुसरा माणूस राहण्याला हरकत नसेल, तर सरळ उपाय असा की, नव्या करारात दोघांनाही परवानाधारक म्हणून घ्यावे आणि भाड्यातील प्रत्येकाचा वाटा त्यातच लिहावा. नोंदणीला दोघांनी हजर राहावे लागते, एवढेच काम वाढते.