समतेचं चित्र आणि छत्तीस रंगांची पेटी : थोडी पार्श्वभूमी

शाळेत "समता" विषयावर चित्रकला स्पर्धा ठेवतात आणि पहिला नंबर कोणाचा येतो, तर ज्याच्याकडे छत्तीस रंगांची ऑइल पेस्टलची पेटी आहे आणि जो रविवारी ड्रॉइंगच्या क्लासला जातो त्याचा. मला याचं दरवेळी हसू येतं. कारण मुलांच्या चित्रांतून न्याय-अन्याय शिकवायचा हा विचार सुरू झाला तेव्हा त्यात स्पर्धेला फारशी जागाच नव्हती.

मुंबईत 1857 ला जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं त्या काळात चित्रकला शिकणं म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यावरून हुबेहूब उतरवणं, आणि युरोपातही वेगळं काही नव्हतं. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक नावाच्या माणसाने 1897 ला मुलांचा वर्ग काढला आणि कॉपी करायला लावणंच बंद केलं. पोरं मनातलं काढायला लागली. पुढे 1943 मध्ये, महायुद्ध ऐन जोरात असताना, इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांनी कलेतून शिक्षण द्या असं मांडलं. ते स्वतः अराजकतावादी, म्हणजे माणसावर सरकारची सत्ताच नको असं मानणारे, त्यामुळे त्यांच्यासाठी हा नुसता छान चित्रांचा विषय नव्हता, माणूस आणि समाज कसा घडतो याचा होता.

आपल्याकडची गोष्ट मात्र वर्ध्याची आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे शिक्षण परिषद झाली, मग झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा, आराखडा केला. त्यात सूतकताई असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण चित्रकला आणि संगीतही विषय म्हणून होते हे कोणी सांगत नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात नई तालीमची शाळा होती, तिथे 1944 ला देवी प्रसाद आले, मूळचे डेहराडूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले. हे तेच नंदलाल ज्यांनी 1938 च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी ढोलकीवाले, सुतार, शेतकरी अशी साध्या माणसांची चित्रं मातीच्या रंगांत केली होती. महागडा रंग लागतोच असं नाही, आणि चित्रात राजा-राणीच हवेत असंही नाही, हे त्या परंपरेतच होतं.

देवी प्रसाद यांचं म्हणणं, मुलाच्या चित्राला मोठ्यांची फूटपट्टी लावू नका. आणि हे कुठे, तर जिथे संडास-सफाई, झाडलोट, स्वयंपाक सगळ्यांनी करायचा, जात विचारायची नाही. माझ्या मते खरा धडा तिथेच होता. झाडू मारलेला हात आणि ब्रश धरलेला हात एकच, मग समतेचं वेगळं पोस्टर कशाला हवं? अर्थात नई तालीमवर टीकाही झाली, की गावातल्या पोरांनी सूत कातायचं आणि शहरातल्यांनी इंग्रजी शिकून साहेब व्हायचं का, आणि ती टीका मला अजिबात फालतू वाटत नाही, जातीने नेमून दिलेलं काम शतकानुशतकं करत आलेल्या घरात हस्तकौशल्य या शब्दाचा वास वेगळा येणारच ना.

देवी प्रसाद 1962 ला लंडनला गेले, युद्धविरोधी चळवळीच्या वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या संघटनेचे सरचिटणीस झाले. चित्रकलेचे मास्तर थेट युद्धविरोधात, हे वरवर विचित्र वाटतं पण त्यांच्यासाठी ते एकच काम होतं. बालकलेवरचं त्यांचं पुस्तक 1998 ला नॅशनल बुक ट्रस्टने काढलं.

जाता जाता, मुलांना अन्यायावर बोलू देणं आपल्याकडे याच्याही आधीचं आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 1855 ला ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. चित्र नव्हतं ते, पण कोणी विषय देऊन "छान छान लिही" म्हटल्यावर असलं येत नाही.

कागदावर तर आता हा हक्कच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या तेराव्या कलमात मुलाने आपलं म्हणणं बोलून, लिहून किंवा कलेतून मांडावं असं स्पष्ट आहे, भारताने 1992 मध्ये तो करार मान्य केला. आपल्या शाळांत मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची ग्रेड, दोन डोंगर, मधे सूर्य आणि नदीकाठी झोपडी. सेवाग्रामची जुनी शाळा मधे बंद पडली होती, 2005 पासून त्याच आवारात आनंद निकेतन चालतं, मराठी माध्यमात, आणि तिथे अजूनही शेती, स्वयंपाक आणि चित्र एकाच दिवसात बसतात.