अंदाज एकाचा, लाइनी दुसऱ्याच्या

‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ ही ध्वनिमुद्रित सूचना ऐकून बहुतेकांनी समोरच्याचा फोन बिझी आहे असाच अर्थ काढला असेल. खरं तर समोरचा फोन बहुधा मोकळाच असतो. भरलेला असतो तो मधला रस्ता, म्हणजे एका एक्स्चेंजकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ट्रंक लाइनींचा गट. ही दोन्ही एक्स्चेंज एकाच कंपनीची असतील तर लाइनी वाढवणं हे नियोजन विभागाचं रोजचं काम. ती दोन वेगळ्या कंपन्यांची असली की तेच काम करार, तक्रारी आणि कधी कधी कोट्यवधींच्या दंडापर्यंत जातं. हे असं का होतं, याचा माग काढायचा तर सुरुवात गणितापासून करावी लागते. कारण गणिताचा भाग फार पूर्वीच सुटला होता.

डेन्मार्कचा गणिती आग्नर क्रारुप एरलँग १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याने दाखवलं की एक्स्चेंजवर येणारे कॉल एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांसारखे येतात आणि त्यांना संभाव्यतेचा एक ठरावीक नियम लागू पडतो. १९१७ मध्ये त्याने जे सूत्र मांडलं ते आज एरलँग-बी म्हणून ओळखलं जातं. गर्दीच्या तासात किती वाहतूक येणार आणि शंभरातले किती कॉल लाइन न मिळाल्याने परत गेले तर चालतील, हे दोन आकडे दिले की किती लाइनी लागतील ते हे सूत्र सांगतं. वाहतूक मोजण्याच्या एककाला १९४६ मध्ये त्याचंच नाव मिळालं. एक एरलँग म्हणजे एक लाइन तासभर अखंड व्यापलेली, किंवा तासाभरात तीन-तीन मिनिटांचे वीस कॉल.

या सूत्रातून निघणारे आकडे थोडे जवळून पाहायला हवेत, कारण पुढची बरीच भांडणं त्यांच्यातच दडलेली आहेत. शंभरात एक कॉल परत गेला तरी चालेल असं धरलं, तर २४ लाइनींचा गट साधारण १५.३ एरलँग वाहतो. असे दोन स्वतंत्र गट मिळून ३०.६ वाहतात. पण त्याच ४८ लाइनी एका गटात घातल्या की आकडा ३६ च्या वर जातो, आणि १०० लाइनींचा एकच गट ८४ एरलँग पेलतो. तेव्हा मोठा गट नेहमीच किफायतशीर. मात्र या किफायतीची किंमतही असते. दहा लाइनींच्या गटावर अंदाजापेक्षा दहा टक्के जास्त वाहतूक आली तर परत जाणाऱ्या कॉलचं प्रमाण दुप्पटही होत नाही, पण शंभर लाइनींच्या गटावर तेवढीच वाढ झाली तर ते जवळपास चौपट होतं. गट जितका काटेकोर भरलेला, तितकी अंदाजातली छोटी चूकही महागात पडते. ट्रंक नियोजन करणारे माणूस म्हणून सावध आणि थोडे कंजूष का असतात, ते इथे कळतं.

सूत्राला लागणारा वाहतुकीचा आकडा मात्र सूत्रातून येत नाही. तो कुणीतरी आधी सांगावा लागतो. १९३७ साली क्रुइथॉफ नावाच्या अभियंत्याने यासाठी एक साधी पद्धत दिली. प्रत्येक एक्स्चेंजवरून भविष्यात एकूण किती वाहतूक निघेल आणि प्रत्येकावर किती पोहोचेल, एवढ्या बेरजांचा अंदाज घ्यायचा. मग आजचा तक्ता ओळीओळीने आणि रकान्यारकान्याने वरखाली करत त्या बेरजांशी जुळवायचा. कुठून कुठे किती जाईल ते आपोआप हाती येतं. पद्धत इतकी सोयीची होती की ती नंतर लोकसंख्येपासून रस्त्यांवरच्या रहदारीपर्यंत वेगवेगळ्या नावांनी वापरली गेली. पण ओळींच्या आणि रकान्यांच्या अशा दोन्ही बेरजा एकाच टेबलावर असाव्यात, ही तिची अट आहे. मक्तेदारीच्या काळात त्या असायच्या, म्हणून ही अट कुणाला जाणवलीच नाही.

मक्तेदारी आधीपासून होती असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक शहरांत दोन-दोन टेलिफोन कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. सगळ्यांशी बोलायचं तर व्यापाऱ्याला दोन्ही कंपन्यांचे फोन ठेवावे लागत. डिसेंबर १९१३ मध्ये तिथली सर्वात मोठी टेलिफोन कंपनी एटीअँडटी हिचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी सरकारला पत्र लिहून स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या जाळ्याशी जोडून घेण्याची तयारी दाखवली. त्यानंतर कंपन्यांनी आपापले प्रदेश वाटून घेतले. जोडणी झाली, पण एका गावात एकच कंपनी उरली. स्पर्धाच नसल्यामुळे लाइनींच्या अंदाजावरून वाद घालायला कारण नव्हतं.

दोन मालकांमधला अंदाज खऱ्या अर्थाने सुरू झाला तो देशांच्या सीमांवर. आंतरराष्ट्रीय सर्किट, म्हणजे दोन देशांना जोडणारी लाइन, दोघांच्या मालकीचं असे. अर्धं या देशाच्या प्रशासनाचं, अर्धं त्या देशाच्या. त्यामुळे एकट्याने एकही लाइन वाढवणं शक्य नव्हतं. दोन्हीकडचे अभियंते ठरावीक काळाने भेटत, पुढच्या काही वर्षांचे आकडे जुळवत आणि त्याप्रमाणे आपापला वाटा उभारत. अटलांटिक ओलांडणारी पहिली टेलिफोन केबल, टॅट-१, २५ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यात ३६ टेलिफोन मार्ग होते. पहिल्या चोवीस तासांतच लंडन आणि अमेरिका यांच्या दरम्यान ५८८ कॉल झाले. त्याआधी रेडिओवरून बोलावं लागे, आवाज येई-जाई आणि नंबर लावून वाट पाहावी लागे. त्या काळच्या नोंदींवरून कुणी अंदाज बांधला असता तर तो खोटाच ठरला असता. भरलेल्या किंवा वाईट मार्गावर मोजमाप केलं तर पार पडलेले कॉल तेवढे दिसतात. कंटाळून ज्यांनी फोनच केला नाही, ते कुठल्याही तक्त्यात येत नाहीत.

तरीही देशादेशांमधली ही व्यवस्था दीर्घकाळ बऱ्यापैकी शांततेत चालली. माझ्या मते याचं कारण अभियंत्यांच्या समंजसपणात कमी आणि पैशाच्या रचनेत जास्त आहे. प्रत्येक कॉलचं उत्पन्न दोन्ही प्रशासनं वाटून घेत, त्यामुळे लाइन कमी पडली तर नुकसान दोघांचंही होई. अंदाज फुगवण्यात किंवा दाबण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

हा समतोल बिघडला तो एकाच गावात दोन कंपन्या पुन्हा आल्यावर. १ जानेवारी १९८४ रोजी एटीअँडटीचं विभाजन झालं आणि लांब पल्ल्याच्या अनेक कंपन्या स्थानिक कंपन्यांना जोडल्या जाऊ लागल्या. पण खरी कसोटी लागली १९९६ च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने. स्थानिक सेवेतही स्पर्धा खुली झाली. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल अशा कुठल्याही ठिकाणी नव्या कंपनीला जोडून घेणं जुन्या कंपनीवर बंधनकारक झालं. एकाच्या ग्राहकाने दुसऱ्याच्या ग्राहकाला फोन केला तर कॉल पोहोचवणाऱ्याला मिनिटामागे मोबदला मिळणार, असंही ठरलं.

वर पाहिलेले आकडे इथे थेट करारात उतरले. नव्या कंपनीला एकाच ठिकाणी एकच मोठा गट हवा असे, कारण तो स्वस्त. जुन्या कंपनीला आपल्या मधल्या मोठ्या एक्स्चेंजवर गर्दी नको असे. म्हणून अनेक करारांत एक अट आली. कुठल्याही एका स्थानिक एक्स्चेंजकडे जाणारी वाहतूक २४ लाइनींइतकी झाली की तिथे थेट गट टाकायचा. २४ हा आकडा काही गणितातून आलेला नाही. अमेरिकेत डिजिटल लाइनींचा एक जुडगा २४ मार्गांचा असतो, एवढंच. भारतात आणि युरोपात तोच जुडगा, म्हणजे ई-वन, ३० मार्गांचा असतो आणि हिशेब त्या पटीत चालतो.

अंदाज देण्याची कलमंही याच करारांतून आली. नव्या कंपनीने तिमाही किंवा सहामाही अंदाज द्यायचा, दोन्ही बाजूंनी बसून तो तपासायचा आणि जुन्या कंपनीने त्यानुसार लाइनी तयार ठेवायच्या. कागदावर हे सरळ दिसतं. व्यवहारात नव्या कंपनीला लाइन उशिरा मिळाली तर तिचा ग्राहक जातो, आणि लाइन रिकामी राहिली तर खर्च मुख्यतः दुसऱ्याचा. त्यामुळे तिचा अंदाज फुगतो. हे ओळखून असलेली जुनी कंपनी त्यातला बराच भाग मनातल्या मनात कापते. मग नवी कंपनी कापणी धरूनच आणखी फुगवते. जुन्या कंपनीकडे उशीर करण्याचं स्वतःचं कारणही असतं, कारण प्रतिस्पर्ध्याचे कॉल पडले तर ग्राहक तिच्याकडेच परततो. हे थोपवायला कुणी अनामत मागितली, कुणी कमी वापरलेल्या लाइनी परत घेण्याचं कलम घातलं, तर कुणी ‘अंदाज बंधनकारक नाही’ असं लिहून ठेवलं. या शेवटच्या कलमाने तर अंदाज देण्या-घेण्याचा अर्थच पातळ झाला.

तेवढ्यात डायल-अप इंटरनेट, म्हणजे फोनच्याच लाइनीवरून कॉल लावून जोडलं जाणारं इंटरनेट, आलं. बोलण्याचा कॉल सरासरी तीनेक मिनिटांचा धरायची सवय होती. मोडेम मात्र वीस मिनिटं, तासभर, कधी रात्रभर लाइन धरून बसे. गर्दीचा तास कार्यालयीन वेळेतून संध्याकाळी सरकला. त्यातली मेख लवकरच नव्या कंपन्यांच्या लक्षात आली. इंटरनेट पुरवठादार स्वतः कुणाला फोन करत नाही, त्याला फक्त फोन येतात. त्याला आपला ग्राहक करून घेतलं की मिनिटांचा मोबदला एकाच दिशेने वाहत राहतो. जुन्या कंपन्यांनी कायद्याच्या वेळी दर चढे असावेत असा आग्रह धरला होता. वाहतूक आपल्याकडे येईल असा त्यांचा होरा होता. आता त्यांनाच एकमार्गी लाइनी टाकाव्या लागल्या आणि वर मोबदलाही द्यावा लागला. अखेर २००१ मध्ये अमेरिकी दळणवळण आयोगाने दरांवर आणि वाढीवर मर्यादा घातल्या. येणारी वाहतूक जाणाऱ्या वाहतुकीच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर वरचा भाग इंटरनेटचा समजावा, असंही ठरवलं. त्याच सुमारास शेअर बाजाराचा फुगा फुटला, यातल्या अनेक नव्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि त्यांनी मागवलेल्या लाइनींचे अंदाजही त्यांच्याबरोबर गेले.

भारतात याच नाटकाचा प्रयोग २०१६ मध्ये झाला, फक्त पात्रं मोबाइल कंपन्यांची होती. दोन जाळी जिथे जोडली जातात त्या ठिकाणाला इथे पीओआय म्हणतात. तिथे गर्दीमुळे पडणाऱ्या कॉलचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असावं, असा दूरसंचार नियामक ट्रायचा दंडक आहे. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी मोफत कॉल देत सेवा सुरू केली. आपल्या ग्राहकांचे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कॉल इतर कंपन्यांच्या दारात अडत असल्याची तिची तक्रार होती. उलट जुन्या कंपन्यांचं म्हणणं असं की मोफत कॉलमुळे वाहतूक एकाच दिशेने लोटली आहे आणि लाइनी देण्यासाठी करारात ९० दिवसांची मुदत आहे. तेव्हा दुसऱ्याच्या जाळ्यात कॉल पोहोचवण्याचा दर मिनिटाला १४ पैसे होता. एवढ्यात खर्च निघत नाही, असंही त्या सांगत.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं असं मला वाटतं, पण ९० दिवसांच्या मुदतीचा आधार लंगडा होता. नव्या कंपनीच्या ग्राहकसंख्येचा चढ दिसत असताना मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं, याला नियोजन म्हणत नाहीत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना परवाना क्षेत्रामागे ५० कोटी, म्हणजे एकूण ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष नोटिसा निघायला २०२१ चा सप्टेंबर उजाडला. तोवर व्होडाफोन आणि आयडिया एकत्रही झाल्या होत्या.

दंडापेक्षा महत्त्वाची ठरली ती १ जानेवारी २०१८ ची नियमावली. कंपन्यांनी गर्दीच्या तासातल्या वाहतुकीचा अंदाज एकमेकींना ठरावीक काळाने द्यायचा, आणि मागणी आल्यावर ठरलेल्या दिवसांत पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, द्यायचे. पाळलं नाही तर दिवसागणिक आर्थिक भुर्दंड. आधी दोन कंपन्यांच्या मर्जीवर असलेली गोष्ट आता नियमात आली.

तरी मिनिटाचा दर शिल्लक होता तोवर वाहतुकीची दिशा वळवण्याचा मोहही शिल्लक होता. २०१९ मध्ये जिओने आपल्या ग्राहकाने केलेल्या कॉलची घंटी वाजण्याचा काळ २० सेकंदांवर आणला. घंटी लवकर थांबली की कॉल ‘मिस्ड’ होतो आणि समोरचा उलट फोन करतो. तो कॉल उलट्या दिशेचा, म्हणजे पैसेही उलट्या दिशेने. पाठोपाठ एअरटेलनेही हा काळ २५ सेकंद केला. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायला ठरवून द्यावं लागलं की मोबाइलची घंटी ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजली पाहिजे. घंटीचे काही सेकंदही लाइन व्यापतात, ते एरलँगच्या हिशेबात धरायचेच असतात. पण कुणाची घंटी किती वाजते यावरून दोन जाळ्यांमधला प्रवाह फिरेल, हे गृहीत कुठल्याच अंदाजात नव्हतं.

१ ऑक्टोबर २०१७ पासून मिनिटाचा दर ६ पैसे झाला होता. १ जानेवारी २०२१ पासून तो शून्यावर आला. आता कॉल कुठल्या दिशेने गेला याला पैशाच्या दृष्टीने अर्थ नाही. दोन जाळ्यांमधले सांधेही हळूहळू आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर, जात आहेत. तिथे २४ किंवा ३० चा जुडगा नसतो. एका वेळी किती संभाषणं आणि सेकंदाला किती नवे कॉल, अशी मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली असते आणि ती वाढवायला केबल ओढावी लागत नाही. पण ती मर्यादा कुणाच्या सांगण्यावरून वाढवायची, हे करारातच लिहावं लागतं. दरम्यान बोलण्याचा मोठा भाग, विशेषतः परदेशी कॉलचा, ॲपवर गेला आहे आणि तो कुठल्याही पीओआयवरून जात नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक सांभाळणाऱ्या कंपन्यांना आज जुनी सर्किटं कधी आणि किती बंद करायची याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तोही समोरच्या कंपनीशी आकडे जुळवूनच.